गर्दीत उचललेला खोका



उत्तर आयर्लंडच्या बेलफास्ट शहरात 'बॉम्बे स्ट्रीट' नावाची एक छोटी गल्ली आहे. ती 'काश्मीर रोड'ला लागून आहे. इंग्रजांच्या साम्राज्याच्या काळात आपल्याकडची ही नावे इतक्या दूरच्या रस्त्यांना चिकटली. या गल्लीत कॅथलिक कामगारांची कुटुंबे राहत. १५ ऑगस्ट १९६९ रोजी आपल्याकडे झेंडावंदन आणि पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण चालू होता. त्याच दिवशी तिकडे प्रॉटेस्टंट जमावाने ही गल्ली पेटवून दिली. तिथून जो हिंसाचार सुरू झाला तो १९९८ च्या गुड फ्रायडे करारापर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे चालला. त्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली. मारणारे आणि मरणारे बहुतेक सगळे एकाच ख्रिस्ताचे नाव घेणारे होते.

दिग्दर्शक केनेथ ब्रॅना यांचा 'बेलफास्ट' हा चित्रपट (२०२१) याच दिवसापासून सुरू होतो. ब्रॅना १९६० साली त्या शहरातल्या एका प्रॉटेस्टंट कामगार कुटुंबात जन्मले. दंगलीनंतर, ते नऊ वर्षांचे असताना, कुटुंबाने गाव सोडले आणि इंग्लंडमधल्या रेडिंगला घर केले. तीच आठवण त्यांनी कथेत घातली आणि २०२२ मध्ये तिला मूळ पटकथेचा ऑस्कर मिळाला. चित्रपट जवळपास सगळा कृष्णधवल आहे. त्यातला नऊ वर्षांचा बडी लाकडी तलवार आणि कचऱ्याच्या डब्याचे झाकण घेऊन लढाई-लढाई खेळत असतो. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी जमाव येतो आणि त्याच खेळातल्या झाकणाची ढाल करून आई दगडांच्या माऱ्यातून त्याला घरात ओढून नेते. त्याचे वडील सुतारकाम करायला इंग्लंडला जातात आणि मधूनमधून घरी येतात. वडिलांचे थकलेले आयकराचे देणे फेडता फेडता आई मेटाकुटीला आली आहे. बोईसर-तारापूरच्या कोणत्याही लाइनीत हे घर सापडेल. बाप आखातात, सुरतेत किंवा एमआयडीसीच्या रात्रपाळीत, आणि मुलांचे, पैशांचे, शेजाऱ्यांचे सगळे आईच्या पदरात. योगायोग असा की त्याच १९६९ सालच्या ऑक्टोबरात तारापूरच्या अणुवीज केंद्रातून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली आणि पुढे एमआयडीसी आल्यावर आपल्याकडेही दूरदूरची माणसे पोटासाठी एका भिंतीला भिंत लावून राहू लागली.

आपण कॅथलिक असल्याने हा चित्रपट पाहताना आपले मन आपोआप जळणाऱ्या घरांकडे धावते. ते स्वाभाविक आहे. पण गोष्ट ज्याच्या डोळ्यांनी दिसते तो मुलगा दुसऱ्या बाजूचा आहे. काचा फुटतात त्या शेजारच्या कॅथलिकांच्या, आणि फोडणारे त्याच्याच समाजाचे, ओळखीचे लोक असतात. त्यांचा म्होरक्या बडीच्या वडिलांना बजावतो की पैसे तरी द्या, नाहीतर आमच्यात सामील व्हा. वडील दोन्हीला नकार देतात.

आपल्याकडे या विषयावर झालेले चित्रपट बहुधा दुसऱ्या टोकाला उभे राहतात. सईद अख्तर मिर्झा यांच्या 'नसीम' (१९९५) मध्ये मुंबईतली एक शाळकरी मुस्लिम मुलगी आहे. जून ते डिसेंबर १९९२ या महिन्यांत तिच्या घरात बाहेरचे जग टीव्हीच्या बातम्यांतून आणि शेजाऱ्यांच्या बोलण्यातून हळूहळू शिरत जाते. कवी कैफी आझमी यांनी तिचे आजारी आजोबा रंगवले आहेत. ते अंथरुणावर पडल्या पडल्या तिला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगतात आणि ६ डिसेंबरला प्राण सोडतात. पडद्यावर दंगल जवळपास दिसत नाही, तरी पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. नसीम जमावाच्या समोर उभी आहे, तर बडी जमावाच्या पाठीशी, किंबहुना जमावाच्या पोटातच उभा आहे. नसीमसारख्या मुलीला काय सोसावे लागते ते आपण समजू शकतो. बडीसारख्या मुलाला काय करावे लागते हा प्रश्न मात्र आपण स्वतःला फारसा विचारत नाही. म्हणून त्याच्यावर जरा थांबू या.

चित्रपटात बडी दोनदा चोरी करतो. पहिल्यांदा मोइरा नावाची त्याच्याहून मोठी मुलगी त्याला आपल्या टोळीत घेण्यासाठी गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात नेते. गडबडीत त्याच्या हाती टर्किश डिलाइट लागते आणि ते टोळीतल्या कुणालाच आवडत नाही. हसू येते आणि आपण पुढे जातो. दुसऱ्या वेळी जमाव एक सुपरमार्केट फोडतो. मोइरा त्याला हाताला धरून आत ओढते आणि काहीतरी घे म्हणून ओरडते. सगळेच घेत असतात. बडी कपडे धुण्याच्या पावडरीचा एक खोका उचलतो आणि घरी पळत येतो. आई विचारते, हे का आणलेस? त्याच्याकडे धड उत्तर नसते. ही पावडर चांगल्या प्रकारची आहे, असे काहीसे तो सांगतो. आई त्याला आणि मोइराला बखोटीला धरते, दंगल चालू असताना पुन्हा त्या फुटलेल्या दुकानात नेते आणि खोका जागेवर ठेवायला लावते. तिथेच त्यांच्यावर जिवावरचा प्रसंग ओढवतो.

संत ऑगस्टीन यांना ही पावडर लगेच ओळखू आली असती. चाळिशी ओलांडल्यावर लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी सोळाव्या वर्षीची एक चोरी सांगितली आहे. रात्री मित्रांबरोबर त्यांनी शेजाऱ्याच्या झाडावरचे नासपती झाडून नेले. भूक नव्हती. घरी त्याहून चांगली फळे होती. एखाददुसरे चाखून बाकी सगळी त्यांनी डुकरांपुढे टाकली. मोठमोठ्या पापांची कबुली देणारा हा महान बिशप या क्षुल्लक फळांपाशी पानेच्या पाने अडून राहतो, याचे अनेकांना नवल वाटते. मला वाटत नाही. कारण अखेरीस ते एका गोष्टीपाशी येतात, की एकटा असतो तर मी हे केले नसते. फळ नको होते, सोबत हवी होती. 'चला, करू या' असे कोणी म्हणाले की मागे राहण्याची लाज वाटते. चोरीची लाज वाटायच्या जागी चोरी न करण्याची लाज वाटू लागते. टर्किश डिलाइट कुणालाच नको होते आणि धुण्याची पावडर नऊ वर्षांच्या पोराला कशाला हवी? पण तो टोळीत होता. तेवढे पुरेसे होते.

आता प्रश्न असा की गर्दीत केलेले पाप कोणाचे? गर्दीचे, असे उत्तर आपण पटकन देतो. जमाव प्रक्षुब्ध झाला, जमावाने दुकान फोडले, जमावाने मारले. वर्तमानपत्रातली ही वाक्ये व्याकरणाला बिनचूक आहेत, पण पापनिवेदनाला जमाव येत नाही. तिथे एकेक माणूस येतो. हजार जणांनी मिळून दुकान लुटले, तर चोरीचे हजार भाग होऊन प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येत नाही. खोका उचलणाऱ्या प्रत्येकाने तो खोका उचललेला असतो.

संत थॉमस अक्वायनस या बाबतीत फार काटेकोर होते. चोरीच्या भरपाईला कोण कोण बांधलेले आहेत, हे ठरवताना त्यांनी सहभागाचे नऊ प्रकार सांगितले आहेत. हुकूम देणारा, सल्ला देणारा, वाहवा करणारा, चोराला आसरा देणारा असे करत करत ते गप्प राहणाऱ्यापर्यंत आणि न अडवणाऱ्यापर्यंत येतात. सगळे सारखे दोषी असे ते म्हणत नाहीत. गप्प बसलेल्याने बोलणे हे त्याचे कर्तव्य होते का, हे ते आधी पाहतात. मला ही यादी आजही उपयोगी वाटते, कारण दंगल झाल्यावर आपण फक्त दगड हातात असलेल्याला शोधतो. वाहवा करणारा तर हल्ली घरी बसून मोबाइलवर अंगठा दाखवूनही वाहवा करू शकतो.

आपल्या काही तरुणांबरोबर या चित्रपटाविषयी बोलणे झाले तेव्हा वाद रंगला तो आईवरून. एमआयडीसीत फिटर असलेला एक जण तावातावाने म्हणाला, "बाई वेडी आहे. वीस रुपयांच्या पावडरीसाठी पोराला गोळीबारात नेते? खोका दुसऱ्या दिवशी देता आला असता. नाहीतर दुकानदाराला पैसे पाठवायचे." त्याचे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे. भरपाई हे कर्तव्य आहे, सातव्या आज्ञेचा तो भाग आहे. पण जीव धोक्यात घालून ती त्याच घटकेला करावी, अशी सक्ती ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्राने कधी केलेली नाही. फार मोठे नुकसान होणार असेल तर भरपाई पुढे ढकलता येते. तीच आई पापनिवेदनाला आली असती तर कोणताही शहाणा धर्मगुरू म्हणाला असता, बाई, उद्या जा.

त्याच गटातल्या एका मुलीने, ती परिचारिका आहे, वेगळा मुद्दा काढला. तिचे म्हणणे असे, "उद्या तो खोका दुकानात ठेवून काय उपयोग? उद्या सगळे शांत असेल. आज सगळे घेताहेत तेव्हा आपण परत ठेवतो, हे त्याला आजच दिसायला हवे." यावर फिटर म्हणाला की दिसायला पोरगा जिवंत तरी राहायला हवा. वाद तिथेच राहिला.

मी दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. आईने वेळ चुकीची निवडली, यात मला शंका नाही. तिने रागाच्या भरात निवड केली आणि राग वाईट सल्लागार असतो. दोन लेकरांना घेऊन फुटलेल्या दुकानात शिरणे हे शौर्य नव्हे. पण तिला ज्याची भीती वाटली ती भीती खरी होती. पोलीस पकडतील याची तिला भीती नव्हती. पोरगा उद्या सकाळी उठेल, न्हाणीत तो खोका पाहील, आई त्यातली पावडर बादलीत टाकील, शर्ट पांढरा निघेल आणि चारआठ दिवसांत तो खोका घरचा होऊन जाईल, याची तिला भीती होती. लुटीचा माल असाच पचतो. तो कुणी कपाटात लपवून ठेवत नाही, सरळ वापरायला काढतात.

जक्कयची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. झाडावर चढलेला बुटका माणूस म्हणून मुलांना ती आवडते. मोठ्यांनी मात्र तिच्यातला हिशेब पाहावा. प्रभू येशू घरी जेवायला आल्यावर जक्कयने कुणावर अन्याय केला असेल तर चौपट परत देण्याचे वचन दिले. येशूने ते मागितले नव्हते. पण ज्या घरात प्रभूला बसवायचे त्या घरात दुसऱ्याचे सामान ठेवून चालणार नाही, हे त्याला स्वतःला उमजले. आपण 'पश्चात्ताप' हा शब्द फार हलका करून ठेवला आहे. मनात वाईट वाटले की झाले, असे वाटते. जक्कयने वाईट वाटून घेतलेच, शिवाय त्याने पैसे मोजले.

मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये ज्या दंगली झाल्या, त्यांत सुमारे ९०० माणसे मारली गेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने तपशिलाने चौकशी केली आणि १९९८ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला. मृतांची संख्या आली, ठिकाणे आली, पोलिसांच्या वागण्याचे ताशेरे आले. दुकानेही लुटली गेली होती. त्या मालाचे पुढे काय झाले, हे सांगू शकणारा आयोग निघू शकत नाही. ते ज्याच्या त्याच्या घराला ठाऊक. तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला आहे. घरात एकाएकी आलेली वस्तू कुठून आली, हे त्याने विचारले असेल का आणि त्याला काय सांगितले गेले असेल?

त्याच काळात मुंबईपासून फार दूर नसलेली भिवंडी मात्र शांत राहिली. यंत्रमागांचे हे गाव, हिंदू-मुस्लिम कामगारांची दाट वस्ती, १९७० आणि १९८४ सालच्या भीषण दंगलींचा इतिहास. आग लागायची तर तिथे आधी, असे सगळ्यांना वाटत होते. पण १९८८ च्या सुमारास पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. त्याच गल्लीतली दोन्ही धर्मांची साधी माणसे पोलिसांसह नियमित एकत्र बसत. भांडण नसतानाही बसत, हे विशेष. चांगुलपणाने दंगल टळत नाही, चांगली माणसे मुंबईतही होती. 'नाही' म्हणायची सवय आधीपासून लागावी लागते आणि तीही चारचौघांत. एकट्याचे 'नाही' जमावाच्या आवाजात बुडून जाते. बडीच्या वडिलांच्या नकाराला गल्लीत साथ मिळाली नाही, म्हणून शेवटी त्यांना गाव सोडावे लागले.

पुढे लिहायला हात जड होतो, पण आपल्या जिल्ह्यात राहून या विषयावर लिहायचे आणि गडचिंचले टाळायचे, हे योग्य नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदी चालू असताना, मुंबईहून सुरतेला अंत्यसंस्कारासाठी निघालेल्या दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला तिथे जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा पसरली होती. पोलिसांच्या देखत हे घडले. शंभराहून अधिक जणांना अटक झाली, त्यांत काही अल्पवयीन मुलेही होती. नंतर काही दिवस देशभर या ना त्या समाजाकडे बोट दाखवले गेले. गावच्या महिला सरपंचांनी जमावाला थोपवण्याचा प्रयत्न केला होता, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले. यात कोण किती दोषी, ते न्यायालयाने ठरवायचे आहे आणि त्यात आपण पडू नये.

पण मनातून एक गोष्ट जात नाही. ती गर्दी जमली ती मुलांसाठी. आपली लेकरे वाचावीत म्हणून बाप काठ्या घेऊन बाहेर पडले. वाईट हेतू शोधायला गेलो तर तो सापडणार नाही. सुपरमार्केट फोडणाऱ्यांत निदान हाव तरी होती. इथे भीती होती आणि भीतीच्या पोटी प्रेम होते. तरी तिघांचा जीव गेला. चांगल्या हेतूने जमलेली गर्दीही संत ऑगस्टीन यांच्या टोळीसारखीच चालते. पुढच्याकडे पाहून मागचा, मागच्याच्या आवाजाने पुढचा. एकटा असतो तर यातले कितीजण त्या वृद्ध साधूवर हात उचलते? माझ्या मते एकही नाही. आणि हे त्यांच्या बाजूने बोलणे आहे की त्यांच्या विरुद्ध, हे मला ठरवता येत नाही. मी एकटा नव्हतो, हे संत ऑगस्टीन यांनी सांगितले ते सुटका मागण्यासाठी नव्हे.

आपण पालघरच्या लोकांनी त्या वेळी जे केले तेही पाहण्यासारखे आहे. बाहेरगावच्या नातेवाइकांचे फोन आले की आपण घाईने सांगत होतो, ते गाव पार तिकडे डहाणूच्या आत, दादरा-नगर हवेलीच्या सीमेला, आमच्यापासून लांब आहे. ते खोटे नव्हते. पण मुले पळवणाऱ्यांचा तो निरोप बोईसरच्या, पालघरच्या किती मोबाइलवरून पुढे गेला असेल, हे कुणी मोजलेले नाही. 'खरे-खोटे माहीत नाही, पण सावध राहा' असे लिहून असे निरोप पाठवले जातात. अक्वायनसच्या यादीत याला कुठे बसवावे याचा विचार मी केला आहे. सल्ला देणाऱ्यात बसतो, असे मला वाटते.

बडीचा खोका फळीवर परत ठेवता आला. जीव परत ठेवता येत नाही. मग भरपाई कसली? नीतिशास्त्र याला उत्तर देते, पण ते तोकडे आहे. मेलेल्याच्या घरच्यांचे जे नुकसान भरून काढता येईल ते भरावे, त्याचे नाव स्वच्छ करावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी. त्या चालकाचे वय तिशीचे होते. त्याच्या घरी कमावता गेला.

आणि जी मुले त्या रात्री घरात जागी होती त्यांचे काय? बापाला पोलीस घेऊन गेले, पुढे कित्येक दिवस गाव ओस पडले होते. त्या मुलांतले एखादे आता मोठे होऊन विचारील की तेव्हा काय झाले होते. बेलफास्टच्या आईला पोराला ओढत न्यायला एक दुकान तरी होते. इथे आईजवळ फक्त बोलणे आहे. 'लोकांनी मारले' असे ती सांगू शकते. किंवा ती पोराला जवळ बसवून, दार लावून घेऊन, तिथे कोण कोण होते आणि आपल्या घरचे कोण होते ते सांगू शकते, आणि मेलेल्या तिघांची नावे त्याला पाठ करून देऊ शकते.